डोजोचं तयार विजेट हवं तसं वळवताना

डोजो टूलकिट या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कच्या १ मालिकेवर उभी असलेली अ‍ॅप्लिकेशन्स आजही चालू आहेत. अशा प्रोजेक्टवर नव्याने आलेल्याच्या वाट्याला पहिलं काम बहुतेक वेळा हेच येतं: अमुक डायलॉग जरा वेगळा वागायला हवा, तमुक टेक्स्टबॉक्सने आणखी एक गोष्ट तपासायला हवी. विजेट डिजिटचं, म्हणजे डोजोबरोबर येणाऱ्या विजेट-संचातलं (विजेट म्हणजे डायलॉग, टेक्स्टबॉक्स असा पडद्यावरचा तयार घटक). त्याचा कोड आपला नाही आणि त्याला हातही लावायचा नाही. सबक्लास करून, म्हणजे मूळ क्लासवरून आपला नवा क्लास काढून, हवी तेवढीच वागणूक बदलायची. फंक्शन लिहिणं यातला सोपा भाग. डोकं लागतं ते दोन ठिकाणी: कोणती मेथड बदलायची, आणि मूळ मेथड कधी बोलवायची.

कोडमधली नावं इथे देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये ती मूळ स्पेलिंगने, कॅपिटल-स्मॉल सांभाळून टाइप करायची. नवख्यांची पहिली ठेच तिथेच लागते. पोस्टक्रिएटमधला सी कॅपिटल न टाकता मेथड लिहिली तर कुठलाही एरर येत नाही. फ्रेमवर्कच्या दृष्टीने ती वेगळ्याच नावाची मेथड असते, तिला कोणी बोलवत नाही, आणि आपण तासभर ‘माझा कोड चालतच नाही’ म्हणत बसतो.

क्लास लिहिण्याआधी

सबक्लास हा पहिला पर्याय नाही. आधी प्रॉपर्टी शोधा. डायलॉगला फुली नको आणि एस्केप दाबून तो बंद व्हायला नको, एवढंच हवं असेल तर क्लोजेबल फॉल्स द्या, काम झालं. नुसतं काही घडल्याचं कळायला हवं असेल तर इव्हेंट ऐका.

एकाच पानावरच्या एकाच विजेटपुरता बदल असेल तर १.७ पासून मिळणारं आस्पेक्ट मॉड्यूल पुरतं. त्यात बिफोर, आफ्टर आणि अराउंड असे तीन प्रकार आहेत. बिफोरमधून अ‍ॅरे परत केला तर मूळ मेथडला आधीच्याऐवजी त्यातली आर्ग्युमेंट्स जातात. आफ्टरमध्ये मूळ मेथडने परत केलेली किंमत हातात येते. अराउंडमध्ये मूळ फंक्शनच मिळतं आणि ते बोलवायचं की नाही हे तुम्ही ठरवता. तिन्ही प्रकार एक हँडल परत करतात, त्यावर रिमूव्ह बोलावलं की बदल निघून जातो.

तोच बदल दोन-तीन ठिकाणी लागणार असेल, किंवा बदलासोबत स्वतःची माहितीही सांभाळायची असेल, तेव्हा सबक्लास करा.

मूळ क्लासच्या प्रोटोटाइपवरच (ज्या ऑब्जेक्टमधून त्या क्लासची सगळी विजेट्स मेथड्स घेतात त्यावरच) नवं फंक्शन चिकटवायचा मार्गही आहे, आणि तो टाळलेला बरा. एक तर पानावरच्या यच्चयावत डायलॉगांना तो लागू होतो, ज्यात डोजोचे स्वतःचे डायलॉगही आले. शिवाय मिक्सिन म्हणून, म्हणजे दुसऱ्या क्लासमध्ये मेथड्स मिसळायला, वापरलेल्या क्लासच्या बाबतीत तो अर्धवट लागू होतो. डिक्लेअर हे डोजोचं क्लास बनवणारं फंक्शन क्लास तयार करताना मिक्सिनच्या मेथड्स कॉपी करून घेतं. त्यामुळे तुमच्या बदलाआधी जन्मलेल्या क्लासांना जुनी मेथड मिळते आणि नंतरच्यांना नवी.

मूळ सोर्स उघडा

डॉक्युमेंटेशन वाचून ओव्हरराइड करायला (मूळ मेथडच्या जागी आपली लिहायला) जाऊ नका. डिजिटची अनकॉम्प्रेस्ड फाइल उघडा आणि आपल्याला बदलायची वागणूक कोणत्या मेथडमधून निघते ते शोधा. मेथडच्या वरच्या कॉमेंटमध्ये ‘टॅग्ज’ अशी ओळ बऱ्याच ठिकाणी असते. तिथे ‘एक्स्टेन्शन’ असेल तर ती मेथड सबक्लाससाठीच मोकळी ठेवलेली आहे. ‘प्रोटेक्टेड’ असेल तर सबक्लासने वापरायला हरकत नाही. ‘कॉलबॅक’ असेल तर ती फक्त कळवण्यासाठी आहे. ‘प्रायव्हेट’ असेल तर पुढच्या आवृत्तीत ती गायब झाली म्हणून तक्रार करता येणार नाही.

मेथड सापडली की तिला कोण कोण बोलवतं तेही शोधा. ही पायरी हमखास वगळली जाते आणि खालच्या डायलॉगच्या उदाहरणातला घोटाळा नेमका त्यातून होतो.

सांगाडा

डिक्लेअरला तीन गोष्टी द्यायच्या असतात: क्लासचं नाव, मूळ क्लास, आणि बदललेल्या किंवा नव्या मेथड्स-प्रॉपर्टीजचा ऑब्जेक्ट. एएमडी, म्हणजे गरजेप्रमाणे लोड होणारी मॉड्यूल्स, वापरत असाल तर नाव न देता चालतं. दिलं तर त्या नावाचं ग्लोबल तयार होतं, पण कन्सोलमध्ये विजेट ओळखायला सोपं जातं.

ऑब्जेक्टमध्ये आकडा, स्ट्रिंग, ट्रू-फॉल्स अशा साध्या किमती बिनधास्त लिहा. अ‍ॅरे किंवा ऑब्जेक्ट मात्र तिथे लिहू नका. ‘आयटम्स’ म्हणून रिकामा अ‍ॅरे तिथे ठेवला तर तो प्रोटोटाइपवर बसतो आणि त्या क्लासची सगळी विजेट्स तोच एक अ‍ॅरे वापरतात. पहिल्या विजेटमध्ये ढकललेली वस्तू दुसऱ्यात दिसते. पानावर एकच विजेट असेपर्यंत हे कळतही नाही. अशा वेळी ऑब्जेक्टमध्ये नल लिहा आणि कन्स्ट्रक्टरमध्ये नवा अ‍ॅरे तयार करा.

कोणत्या टप्प्यावर काय तयार असतं

विजेट तयार होताना मेथड्स ठरलेल्या क्रमाने चालतात, आणि कुठल्या क्षणी हातात काय असतं हे पाठ असायलाच हवं.

सर्वांत आधी कन्स्ट्रक्टर. या वेळी दिलेली पॅरामीटर्स आर्ग्युमेंट म्हणून दिसतात, पण धिसवर, म्हणजे खुद्द विजेटवर, अजून चढलेली नसतात. डोम नोड (विजेटचा पानावरचा एचटीएमएल घटक) तर नसतोच. कन्स्ट्रक्टरची साखळी डिक्लेअर स्वतः चालवतं, आधी मूळ क्लासचा आणि मग तुमचा. म्हणून तिथे इनहेरिटेड, म्हणजे मूळ मेथड चालवणारी मेथड, बोलवायचं नसतं.

मग पॅरामीटर्स धिसवर चढतात आणि पोस्टमिक्सइनप्रॉपर्टीज चालते. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे विजेटच्या एचटीएमएलच्या साच्यात, वापरायच्या किमती इथे हिशेब करून ठेवता येतात. त्यानंतर विजेटला आयडी मिळतो, त्याची रजिस्ट्रीत नोंद होते आणि बिल्डरेंडरिंग चालते. टेम्प्लेटमधून डोम इथे तयार होतो.

आता येतो तो क्षण जो लोक विसरतात. बिल्डरेंडरिंग संपल्यावर आणि पोस्टक्रिएट सुरू व्हायच्या आधी सेटर, म्हणजे प्रॉपर्टीची किंमत बसवणाऱ्या मेथड्स, चालतात. मग पोस्टक्रिएट. इथे डोम नोड आहे, सेटर चालून झाले आहेत, मात्र विजेट पानात बसलेलं असेलच असं नाही, आणि पोटातली विजेट्स सुरू झालेली नाहीत. रुंदी-उंची मोजायला हा टप्पा चुकीचा आहे, शून्य मिळण्याचीच शक्यता जास्त. मोजमाप स्टार्टअपमध्ये किंवा रीसाइजमध्ये करा.

स्टार्टअप आपोआप चालते ती पार्सरने (मार्कअप वाचून विजेट बनवणाऱ्या भागाने) विजेट तयार केलं असेल किंवा ते आधीच सुरू झालेल्या कंटेनरमध्ये घातलं असेल तेव्हा. कोडमधून न्यू करून विजेट पानात ठेवलं तर स्टार्टअप तुम्हीच बोलवायची. ती एकाहून जास्त वेळा बोलावली जाऊ शकते. म्हणून ओव्हरराइड करताना पहिल्या ओळीत अंडरस्कोअर-स्टार्टेड तपासा, तो ट्रू असेल तर तिथूनच परत फिरा, आणि नंतरच इनहेरिटेड बोलवा.

इनहेरिटेड: आधी, नंतर की मध्ये

कन्स्ट्रक्टर सोडून बाकी मेथड्समध्ये मूळ मेथड आपोआप चालत नाही. त्यासाठी धिस.इनहेरिटेड(आर्ग्युमेंट्स) असं लिहावं लागतं. टप्प्यांच्या मेथड्समध्ये ती पहिली ओळ ठेवा (स्टार्टअपमध्ये वरच्या तपासणीनंतर), म्हणजे मूळ क्लासने जे उभं करायचं ते उभं राहिल्यावर तुमचा कोड चालेल. डिस्ट्रॉयमध्ये उलट: आधी आपलं आवरा, शेवटी इनहेरिटेड. मूळ डिस्ट्रॉय चालल्यावर डोम नोड उरलेला नसतो.

मूळ मेथड काही परत करत असेल तर तुम्हीही परत करा. रिटर्न हा शब्द राहून गेला की बोलावणाऱ्याला अनडिफाइंड मिळतं, आणि एरर उमटतो तो भलत्याच फाइलमध्ये.

इनहेरिटेड कशावर चालतं हे समजलं की त्याचे बहुतेक एरर ओळखीचे होतात. डिक्लेअर प्रत्येक मेथडवर तिचं नाव चिकटवून ठेवतं. इनहेरिटेड आर्ग्युमेंट्समधल्या कॉलीवरून सध्याचं फंक्शन शोधतं, त्यावरचं नाव वाचतं आणि मूळ क्लासमध्ये त्याच नावाची मेथड धुंडाळतं. यातून चार गोष्टी निघतात.

पहिली, अ‍ॅरो फंक्शन म्हणून लिहिलेल्या मेथडमध्ये हे चालत नाही, कारण अ‍ॅरो फंक्शनला स्वतःचं आर्ग्युमेंट्स नसतं. दुसरी, स्ट्रिक्ट मोडमध्ये कॉली वाचता येत नाही, टाइपएरर येतो. १ मालिकेतल्याच पुढच्या आवृत्त्यांत फंक्शनला नाव देऊन तेच फंक्शन इनहेरिटेडला पहिलं आर्ग्युमेंट म्हणून देता येतं, आर्ग्युमेंट्स दुसरं. तिसरी, विजेट तयार झाल्यावर त्याच्यावर थेट चिकटवलेल्या किंवा पॅरामीटर म्हणून दिलेल्या फंक्शनवर डिक्लेअरने नाव लिहिलेलं नसतं. तिथे ‘कान्ट डिड्यूस अ नेम टू कॉल इनहेरिटेड’ असा एरर येतो. चौथी सगळ्यांत फसवी: मूळ क्लासमध्ये त्या नावाची मेथडच नसेल तर इनहेरिटेड गप्प राहतं. एरर नाही, वॉर्निंग नाही.

डायलॉग जवळून: सेव्ह न केलेले बदल

फॉर्म असलेला डायलॉग आहे. बदल सेव्ह केलेले नसताना तो बंद करायला गेलं तर विचारायला हवं.

सोर्स न वाचता हात घातला तर पहिली नजर ऑनकॅन्सलवर जाते. ती ओव्हरराइड करायची, आत विचारायचं, नको असेल तर फॉल्स परत करायचं. हे लिहून बघा. प्रश्न विचारला जातो, तुम्ही ‘नको’ म्हणता, आणि डायलॉग तरीही बंद होतो.

कारण डायलॉगच्या पोस्टक्रिएटमध्ये आहे. तिथे आस्पेक्ट आफ्टर वापरून ऑनकॅन्सलच्या मागे हाइड जोडलेली आहे. ऑनएक्झिक्यूटच्या मागेही तशीच. आफ्टर म्हणजे मूळ मेथड संपल्यावर. तिने काय परत केलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुमची ऑनकॅन्सल फॉल्स देवो की ट्रू, पाठोपाठ हाइड चालणारच. ‘तिला कोण बोलवतं तेही शोधा’ असं वर म्हटलं ते याचसाठी.

तेव्हा बदलायची ती हाइड. फुली, एस्केप, कोडमधून केलेलं बंद, सगळे रस्ते तिथे येऊन मिळतात.

साधी आवृत्ती अशी. सबक्लासमध्ये अनसेव्ह्ड नावाची प्रॉपर्टी, सुरुवातीला फॉल्स. फॉर्ममध्ये काही बदललं की ती ट्रू करायची. हाइडमध्ये पहिल्या ओळीत तपासायचं: अनसेव्ह्ड ट्रू आहे आणि विंडो.कन्फर्मने फॉल्स दिलं, तर इनहेरिटेड न बोलवता परत फिरायचं. नाहीतर रिटर्न धिस.इनहेरिटेड(आर्ग्युमेंट्स). सेव्ह यशस्वी झालं की हाइड बोलवायच्या आधी अनसेव्ह्ड पुन्हा फॉल्स करायचं. हा क्रम उलटा झाला तर सेव्ह केल्यावरही प्रश्न येतो, आणि वापरणाऱ्याला वाटतं सेव्हच झालं नाही.

ब्राउझरचा कन्फर्म नको, आपला देखणा पुष्टी-डायलॉग हवा, अशी मागणी लवकरच येते. मग उत्तर नंतर मिळतं, प्रॉमिसमधून (पुढे येणार असलेल्या उत्तराचा ऑब्जेक्ट), आणि उत्तर आल्यावर चालणाऱ्या त्याच्या दॅनच्या आतल्या फंक्शनमध्ये इनहेरिटेड लिहावंसं वाटतं. ते चालणार नाही. आतल्या फंक्शनचं आर्ग्युमेंट्स वेगळं, आणि त्या फंक्शनवर नावही नाही.

उपाय गेटइनहेरिटेड. हाइडच्या पहिल्याच ओळीत, म्हणजे अजून मेथडच्या आत असतानाच, धिस.गेटइनहेरिटेड(आर्ग्युमेंट्स) बोलवून मूळ हाइड एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा. आर्ग्युमेंट्सही वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. मग दॅनच्या आत उत्तर ‘हो’ असेल तर धरून ठेवलेल्या फंक्शनवर अप्लाय करून त्याला धिस आणि ती आर्ग्युमेंट्स द्या. आतलं धिस बदलू नये म्हणून लँग.हिच वापरा. किंवा फक्त आतलं फंक्शन अ‍ॅरो करा, तिथे ते सोयीचंच पडतं.

यात दोन कोपरे राहतात. उत्तराची वाट बघत असताना कोडमधून हाइड पुन्हा बोलावली गेली तर दुसरा पुष्टी-डायलॉग उघडेल. म्हणून ‘विचारणं चालू आहे’ असा एक फ्लॅग ठेवा, तो ट्रू असेल तर लगेच परत फिरा, आणि उत्तर काहीही आलं तरी तो खाली उतरवा. दुसरं म्हणजे मूळ हाइड डायलॉग बंद करताना प्रॉमिस परत करते आणि बोलावणारा त्यावर दॅन लावून बसलेला असू शकतो. म्हणून तुमच्या मेथडनेही पुष्टीची पूर्ण साखळी रिटर्न करायची. ‘नको’ म्हटल्यावर ती साखळी यशस्वी संपवली तर पुढच्या कोडला डायलॉग बंद झाला असं वाटेल. त्याने फसू नये म्हणून साखळीतून ट्रू किंवा फॉल्स द्या, किंवा ‘नको’ला रिजेक्ट करा. कोणतंही एक ठरवा आणि क्लासच्या वरच्या कॉमेंटमध्ये लिहून ठेवा.

व्हॅलिडेशन वाढवायचं, बदलायचं नाही

व्हॅलिडेशनटेक्स्टबॉक्समध्ये व्हॅलिडेटर ही मेथड दोन आर्ग्युमेंट्स घेते, किंमत आणि कन्स्ट्रेंट्स, आणि ट्रू-फॉल्स परत करते. ती पॅरामीटर म्हणून देता येते, बरेचजण तसंच करतात, आणि मग रिक्वायर्ड ट्रू असूनही रिकामा बॉक्स बिनतक्रार पास होतो. मूळ व्हॅलिडेटरच पॅटर्न आणि रिक्वायर्ड दोन्ही तपासतो. तुम्ही त्याच्या जागी दुसरा बसवलात, त्याबरोबर त्या दोन्ही तपासण्या गेल्या. पॅरामीटरमधून दिलेल्या फंक्शनमध्ये इनहेरिटेडही बोलवता येत नाही, ते वर आलंच.

म्हणून सबक्लास, आणि आत एक ओळ: रिटर्न धिस.इनहेरिटेड(आर्ग्युमेंट्स), पुढे अँड, आणि मग तुमची अट. अट लिहिताना रिकाम्या किमतीला ट्रू द्या. रिकामं चालतं की नाही ते मूळ व्हॅलिडेटरने आधीच ठरवलेलं आहे. तुम्ही इथे फॉल्स दिलंत तर ऐच्छिक रकानाही सक्तीचा होऊन बसतो.

सर्व्हरला विचारून तपासायचं काम इथे करू नका. टाइप करत असतानाही ही मेथड पुन्हा पुन्हा चालते. त्याहून मोठी अडचण म्हणजे तिला उत्तर त्याच क्षणी हवं असतं. प्रॉमिस परत केलं तर ते ऑब्जेक्ट असल्यामुळे ट्रू समजलं जातं आणि प्रत्येक किंमत बरोबर ठरते. सर्व्हरची तपासणी ब्लरनंतर वेगळी करा, निकाल एका प्रॉपर्टीत ठेवा, व्हॅलिडेटरमध्ये फक्त ती प्रॉपर्टी वाचा, आणि निकाल आल्यावर व्हॅलिडेट बोलवा.

सेटर, आणि शून्याचा सापळा

सेटरचं नाव ठरलेल्या साच्यातलं असतं: अंडरस्कोअर, सेट, पहिलं अक्षर कॅपिटल करून प्रॉपर्टीचं नाव, शेवटी अ‍ॅट्र. विजेटवर सेट बोलावलं की फ्रेमवर्क हीच मेथड शोधतं. विजेट.काउंट = ५ असं थेट लिहिलं तर सेटर चालतच नाही. किंमत बदलते, पडदा बदलत नाही.

उदाहरणार्थ टायटलपेनच्या शीर्षकाशेजारी एक आकडा दाखवायचा आहे. प्रॉपर्टी काउंट, सुरुवातीची किंमत ०. आकडा ठेवायला एक स्पॅन लागेल. तो कुठे तयार करायचा?

पोस्टक्रिएटमध्ये केला तर चाचणीत सगळं व्यवस्थित दिसतं. मग कोणीतरी काउंट ५ देऊन विजेट तयार करतं आणि सेटरमध्ये ‘अनडिफाइंड’चा एरर फुटतो. सेटर पोस्टक्रिएटच्या आधी चालला, स्पॅन तेव्हा नव्हताच. मग आधी का नाही फुटला? कारण पॅरामीटर म्हणून न दिलेल्या प्रॉपर्टीचा सेटर सुरुवातीला फक्त तेव्हाच चालतो जेव्हा तिची किंमत ट्रू धरली जाते. ०, रिकामी स्ट्रिंग, फॉल्स, नल असेल तर तो वगळला जातो. चाचणीत सेटर चाललाच नव्हता.

म्हणून स्पॅन बिल्डरेंडरिंगमध्ये, इनहेरिटेडनंतर तयार करा. आणि ० हा आकडाही दिसायला हवा असेल तर तो स्पॅनमध्ये तिथेच लिहून टाका, सेटर येऊन लिहील या भरवशावर राहू नका.

आता स्पॅन कुठे चिकटवायचा. टायटलनोडच्या आत ठेवला तर तो क्षणभरही टिकत नाही. टायटलपेन शीर्षक इनरएचटीएमएलने लिहितं, आणि ते लिहिणं बिल्डरेंडरिंगच्या नंतर होतं, त्यात तुमचा स्पॅन पुसला जातो. डोमकन्स्ट्रक्ट.प्लेसला ‘आफ्टर’ सांगून तो टायटलनोडच्या बाहेर, लगेच पुढे ठेवा.

सेटरच्या आत दोन ओळी: अंडरस्कोअर-सेट बोलवून किंमत ठेवा, मग स्पॅनचं टेक्स्टकन्टेंट बदला. अंडरस्कोअर-सेटमुळे वॉच लावून बसलेल्यांना खबर जाते. चुकून अंडरस्कोअर विसरून साधं सेट बोलावलं तर सेटर स्वतःलाच बोलवत राहतो आणि ब्राउझर ‘मॅक्सिमम कॉल स्टॅक’ म्हणून थांबतो. दोन सेटरपैकी कोणता आधी चालेल यावर कधीच विसंबू नका.

टेम्प्लेट आणि मिक्सिन

मूळ टेम्प्लेट बदलायचं असेल तर जुनं टेम्प्लेट कॉपी करून त्यात भर घाला. कोऱ्या फाइलपासून सुरू करू नका. मूळ क्लासच्या मेथड्स टेम्प्लेटमधल्या अटॅच-पॉइंट्सवर, म्हणजे नोडना दिलेल्या ठरलेल्या नावांवर, डोळे मिटून विसंबतात. डायलॉगमध्ये टायटलबार, टायटलनोड, क्लोजबटननोड, कंटेनरनोड ही नावं राहिलीच पाहिजेत. त्यातली एखादी गोष्ट दिसायला नको असेल तर सीएसएसने लपवा. आणि डोजोची आवृत्ती वाढवलीत की तुमची कॉपी आणि नवं मूळ टेम्प्लेट डिफ लावून बघा. नव्या आवृत्तीने एखादा अटॅच-पॉइंट वाढवलेला असू शकतो.

डिक्लेअरला मूळ क्लासच्या जागी अ‍ॅरेही देता येतो. पहिला खरा मूळ क्लास, पुढचे मिक्सिन. अंडरस्कोअर-विजेटबेस नेहमी पहिला, टेम्प्लेटेडमिक्सिन त्याच्या नंतर. उलट लिहिलं तर टेम्प्लेट दिसत नाही, नुसता रिकामा डिव्ह हाती लागतो. मेथड आधी कोणत्या क्लासमध्ये शोधायची तो क्रम सीथ्री नावाच्या पद्धतीने ठरतो. व्यवहारात इतकं लक्षात ठेवा की उजवीकडचा आधी चालतो आणि इनहेरिटेड डावीकडे सरकत जातं. मधल्या एका मिक्सिनने इनहेरिटेड बोलावलं नाही की त्याच्या डावीकडचे सगळे वाळीत. दोन क्लासांनी परस्परविरोधी क्रम मागितला तर ‘कान्ट बिल्ड कन्सिस्टंट लिनिअरायझेशन’ असा एरर येतो. तेव्हा अ‍ॅरेत एकाच गोष्टीचा मूळ आणि सबक्लास असे दोन्ही लिहिले आहेत का ते पाहा.

आवराआवर

१.८ पासून ओन ही मेथड आहे. आस्पेक्ट, ऑन, वॉच यांची हँडल्स तिला द्या, विजेट नष्ट होताना ती आपोआप सुटतात. न दिलेली हँडल्स विजेट गेल्यावरही जिवंत राहतात आणि नसलेल्या डोम नोडला हात घालून एरर देतात. टायमर मात्र स्वतः थांबवावे लागतात, आणि पोटात विजेट्स असलेल्या कंटेनरसाठी डिस्ट्रॉय नव्हे, डिस्ट्रॉयरिकर्सिव्ह बोलवा. तोच आयडी देऊन विजेट दुसऱ्यांदा तयार करताना ‘ऑलरेडी रजिस्टर्ड’ असा एरर आला तर आधीचं विजेट नीट नष्ट झालेलं नाही असं समजा. आयडी बदलून एरर घालवता येतो, पण त्याने जुनं विजेट मेमरीत तसंच राहतं.

चाललं नाही तर

कन्सोलमध्ये रजिस्ट्रीचं बायआयडी वापरून विजेट हातात घ्या आणि त्याच्या कन्स्ट्रक्टरवरच्या अंडरस्कोअर-मेटामधलं बेसेस बघा. मेथड कोणत्या क्रमाने शोधली जाते ती पूर्ण यादी तिथे असते. तुमचा क्लास यादीत नसेल तर सबक्लासऐवजी मूळ क्लासच वापरला जातोय, बहुतेक मार्कअपमधला टाइप बदलायचा राहिलाय. यादीत असूनही ब्रेकपॉइंट लागत नसेल तर नावाचं स्पेलिंग तपासा. ब्रेकपॉइंट लागतो पण मूळ मेथडपर्यंत पोचता पोचता डिक्लेअरच्या आतड्यांत हरवायला होत असेल, तर डेव्हलपर टूल्समध्ये डिक्लेअरची फाइल इग्नोअर लिस्टमध्ये टाका. मग ‘स्टेप इन’ केल्यावर इनहेरिटेडमधून थेट मूळ मेथडमध्ये उतरता येतं.

दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये गेलात तर

एक्स्ट जेएसमध्ये ४ आवृत्तीपासून हेच काम कॉलपेरेंट करतं. तिथे इनिटकॉम्पोनंट ओव्हरराइड करून कॉलपेरेंट विसरणं ही नेहमीची चूक. आयटम्स वगैरे गोष्टी कॉलपेरेंटच्या आधी धिसवर ठेवायच्या असतात, कारण मूळ मेथड त्या लगेच वापरते. जेक्वेरी यूआयच्या विजेट फॅक्टरीत १.९ पासून अंडरस्कोअर-सुपर आणि अंडरस्कोअर-सुपरअप्लाय आहेत, पहिल्याला आर्ग्युमेंट्स एकेक करून द्यायची, दुसऱ्याला अ‍ॅरे म्हणून. २०१८ मध्ये आलेली डोजोची पुढची पिढी टाइपस्क्रिप्टवर आहे. तिच्यात डिक्लेअर नाही, त्यामुळे इथलं काहीही तिकडे जसंच्या तसं नेता येणार नाही.